फ्रीझरचं कुलूप

नाताळच्या गावजेवणाला चार दिवस उरले असताना बर्फाच्या वादळानं विजेच्या तारा तोडल्या आणि सेंट लॉरेन्स नदीकाठचं अख्खं गाव अंधारात गेलं. लोकांनी आपापले फ्रीझर रिकामे करून मांसमच्छी अंगणातल्या बर्फात पुरली. ओर्तान्सबाईंच्या फ्रीझरला मात्र कुलूप ते कुलूपच.

"आई, शेगडीनं घर तापलंय. आतलं सगळं नासेल हो," सून मिरेय काकुळतीला आली.

"नासू दे! माझ्या फ्रीझरला हात लावलास तर याद राख."

खिमा भरून भाजलेली तूर्तिएर खावी तर ओर्तान्सबाईंच्याच हातची, असं सगळं गाव म्हणे. गाव विसरलं, तर बाई स्वतः आठवण करून देत. "नाहीतर ती फर्नांद! दर नाताळला करपवते, अन् वर मिरवते!"

सकाळी सारे शाळेत गरम सूप प्यायला गेले, तसं बाईंनी कुलूप काढलं. दुकानातून आणलेल्या तयार तूर्तिएरची बारा खोकी घसरगाडीवर लादली आणि चर्चच्या मागं नेली. तिकडं हिवाळ्यात कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

फावडं मारलं, तर बर्फाखाली आधीच खोकी. त्याच दुकानाची.

"माझी आहेत ती," मागून आवाज आला. फर्नांद उभी होती, चेहरा पांढराफटक.

ओर्तान्सबाईंनी आपली खोकी तिच्या खोक्यांशेजारी बर्फात ठेवली.



मग त्या म्हणाल्या, "तरी तुला दरवर्षी सांगते, फर्नांद, भट्टी एवढी तापवू नकोस. खोक्यावर लिहिलंय तेवढीच तापवायची असते."