घाट उतरून आलेली जीप

काळात पुढे जाणं विज्ञानाला मान्य आहे, मागे जाण्याचा पुरावा मात्र अजून कोणाकडे नाही, असं म्हसावदची डॉक्टर यामिनी ठामपणे सांगायची.

तोरणमाळच्या घाटात रूपसिंगसारखा जीपवाला नव्हता. त्याने आणलेला एकही पेशंट वाटेत दगावला नव्हता. यामिनीला त्याचं फार कौतुक.

मंगळवारी सकाळी दहाला त्याने कालीबाईला उचलून दवाखान्यात आणलं. तिच्या पायाला नाग चावला होता.

"अगदी वेळेत आणलंत, रूपसिंगभाऊ," इंजेक्शन देत यामिनी म्हणाली. तासाभरात कालीबाईचा श्वास सुधारला आणि तिला झोप लागली.

तेवढ्यात फोन वाजला. तोरणमाळहून कालीबाईचा नवरा रडत होता.

"मॅडम, कालीला आत्ताच नाग चावला. रूपसिंगला लवकर पाठवा!"

ती इथेच आहे, असं यामिनी सांगणार, तोच नवऱ्याच्या आवाजामागे कालीबाईचं कण्हणं ऐकू आलं. समोरच्या खाटेवर कालीबाई शांत झोपली होती.

दारातल्या रूपसिंगने जीपची किल्ली काढली.

"कुठे निघालात?"

"तिले आणाले जास, मॅडम."

"अहो, ती तर वाचली!"

रूपसिंग नेहमीसारखा हसला. "मी नही गऊ, ते ती कशी वाचई?"