कुलथ्यांचा धोकांक

दिगंबर कुलथे भावाचा खून करणार आहेत, अशी तक्रार त्यांच्या घरानेच केली होती. भिंतीतल्या देखरेख-यंत्राने महिनाभर रोज त्यांचा बेत ऐकला आणि कायद्याप्रमाणे मनोरुग्णालयात सक्तीच्या भरतीचा अर्ज मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवून दिला.

“अहो मॅडम, ते नाटक आहे,” कुलथे म्हणाले. “हौशी नाट्यस्पर्धेत आज सातला आमचा प्रयोग. मला तर भाऊच नाही!”

“नाटकाचं सगळेच सांगतात,” मंडळाच्या अध्यक्ष कर्णिकबाई शांतपणे म्हणाल्या. “डोक्याला हा पट्टा लावा आणि नाटकातला तोच खुनाचा उतारा म्हणा. पट्टा शब्द ऐकत नाही, मनातला हेतू मोजतो. धोकांक साठच्या वर गेला, तर भरती.”

कुलथ्यांनी खुर्ची मागे सारली, डोळे वटारले आणि खिडक्या हादरतील अशा आवाजात उतारा म्हणत हवेतल्या भावाचा गळा घोटला. शिपाई दारापर्यंत मागे सरकला. पडद्यावर आकडा उमटला: चार.

“तुम्ही मोकळे,” बाई म्हणाल्या. “मनात काहीच नाही.”

“चार?” कुलथे जागचे हलेनात. “तीस वर्षं रंगभूमीची सेवा केलीय मी. पुन्हा घ्या. घसा बसला होता.”

“अहो, साठ झाले तर आत टाकतील!” त्यांच्या पत्नी शैलजाबाई कुजबुजल्या.

“टाकू देत!”

पुन्हा पट्टा लागला. या खेपेला कुलथे गुडघ्यांवर बसून रडलेसुद्धा. आकडा आला तीन.

शैलजाबाईंनी त्यांचा दंड धरला. “चला आता. स्पर्धेत परीक्षक माणसं असतात.”