दुपारची नाईट

'नाईट' हा शब्द कानावर पडला आणि ज्योतिबा खुर्चीतून ताडकन उठला.

"आवं, तोंड सांबाळून बोला. लेक हाय माजी."

नाटक कंपनीचे व्यवस्थापक हौसेराव गोंधळले. त्यांच्या मते ते फार चांगलं बोलले होते. मुलीला पहिल्या प्रयोगापासून नाईट मिळेल, नाईट झाली की गाडी तिला घरापर्यंत सोडेल. आणखी काय पाहिजे माणसाला? तीस वर्षं ते या धंद्यात होते; नाईट नको म्हणणारा बाप त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"अहो ज्योतिबाराव, नाईटशिवाय कोण काम करतं? मोठमोठे नट नाईटसाठी भांडतात."

"भांडू द्यात. आमच्यात न्हाई चालत."

वाशीच्या कॉलेजातला नाटकाचा वर्ग होता तो. सुनयना खिडकीशी ओढणीचं टोक चावत उभी होती. तिनं बी.ए.ला नाटक हा विषय घेतला, तेव्हा नाटकालाही मार्क असतात हे ऐकून ज्योतिबानं मान डोलावली होती. आता त्याच नाटकानं तिला मुंबईच्या रंगभूमीच्या दारात आणून उभं केलं होतं. कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत हौसेरावांनी तिला पाहिलं आणि नव्या नाटकासाठी हेरलं. सोमवारपासून तालमी सुरू व्हायच्या होत्या. बापानं आज होकार दिला तर ती, नाही तर दुसरी मुलगी.

हौसेरावांनी शेवटचा उपाय केला. "रात्रीचं जमत नसेल तर दुपारची नाईट देतो. रविवारी. मग तर झालं?"

दुपारची नाईट! ज्योतिबाच्या अंगाचा तिळपापड झाला. मुंबईची माणसं वाईट असतात हे तो ऐकून होता, पण निदान दिवस मावळायची वाट बघत असतील अशी त्याची समजूत होती.

"चल गं पोरी. घरी चल."

"आबा, ऐका तरी..." सुनयना कळवळून म्हणाली. बाप काय समजलाय ते तिला कळलं होतं. पण ते बापाला सांगायचं कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात तिच्या शिक्षिका, सबिहा मॅडम, दाराशी आडव्या आल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण शिक्षिकेला आवरावं लागतं.

"ज्योतिबाभाऊ, एक सांगा. मार्केटला ट्रक खाली केला की तुम्हाला काय मिळतं?"

"वाराई." धान्य मार्केटात वीस वर्षं माथाडी म्हणून ओझी उचललेल्या माणसाला हे विचारायचं असतं?

"आणि रात्री खाली केला तर?"

"तरी वाराईच की."

"मग तसंच आहे हे. तुमची वाराई, तशी नाटकवाल्यांची नाईट. मेहनताना, दुसरं काही नाही. खेळ दुपारी करा नाही तर सकाळी, मिळते ती नाईटच. नावच पडलंय तसं, काय करणार?"

ज्योतिबानं हौसेरावांकडं पाहिलं. हौसेरावांना आत्ता कुठे उलगडा झाला. त्यांनी घाईघाईनं दोन्ही कान पकडले, आणि ते पाहून सुनयना फिस्सकन हसली.

"मंग मगाशीच वाराई म्हनायचं की!" ज्योतिबाही हसला आणि परत खुर्चीत बसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. पण वाराईचं नाव निघालं की त्याच्यातला मुकादम जागा होत असे. "पर वाराई फुकट न्हाई मिळत. माल उचलाय लागतो. हिला येतंय का काम?"

प्रश्न खरा होता. स्पर्धेच्या दिवशी तो मार्केटात होता. लेकीला त्यानं रंगमंचावर कधी पाहिलंच नव्हतं.

"दाखव गं," मॅडम म्हणाल्या. "स्पर्धेतलंच दाखव."

सुनयनानं ओढणी कमरेला करकचून बांधली. बाकांच्या मधल्या जागेत आली, एकदा बापाकडं पाहिलं आणि पाठ वाकवली. तिच्या पाठीवर गोणी चढली. शंभर किलोची, तांदळाची. ज्योतिबाला ती वजनासकट दिसली. पोरीचे गुडघे मुडपले, मान तिरकी झाली, उजवा हात मागे जाऊन गोणीच्या कानाला घट्ट बसला. श्वास रोखून तिनं पाऊल टाकलं. डावा पाय जरा फरफटत होता.

तो पाय ज्योतिबानं ओळखला. तो त्याचाच होता. घरात आपल्या चालण्याकडं कुणी एवढं निरखून बघत असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याला फार, फार बरं वाटलं.

चौथ्या पावलाला तिचा गुडघा लचकला. गोणी घसरली.

ज्योतिबा झेपावला. दोन्ही हात खाली घालून ओरडला, "सोड! धरलीय म्या!"

सुनयना बाजूला झाली. हौसेराव तोंड उघडं टाकून बघत राहिले. हातात काहीच नाही, हे आता ज्योतिबालाही कळलं होतं. तरी त्यानं ती गोणी सांभाळून, एक दाणाही न सांडता, जमिनीला टेकवली. मग हात झटकले आणि हौसेरावांना विचारलं,

"सही कुठं करायची?"