भावाची बॅटरी

मार खाऊन माहेरी निघून आलेल्या बायकोला, भैरवीला न्यायला दत्तप्रसाद गडमुडशिंगीत आला तो ओरडतच. गल्ली गोळा झाली, पण भैरवी काही दाराबाहेर आली नाही. शिव्या हासडत त्यानं परत निघायला मोटारसायकलचं बटण दाबलं, किका मारल्या. गाडी ढिम्म.

मेहुण्यानं मीटर लावून पाहिला. "दाजी, गाडी बॅटरी चार्जच करत न्हाय. पार्ट उद्या मिळंल. आज ऱ्हावा हितंच," तो दातओठ खात म्हणाला.

तेवढ्यात भैरवी पाना घेऊन बाहेर आली. भावाच्या गाडीची भरलेली बॅटरी काढून तिनं नवऱ्याच्या गाडीला जोडली. नरमली शेवटी! दत्तप्रसाद मिशीत हसला.


"घरापातूर पोचतासा," ती म्हणाली. "बॅटरी परत द्यायला येऊ नकासा."