एका उन्हाळ्यापुरती दुरुस्ती

"एसीची कॉइल गळतेय," मेकॅनिक स्टुलावरून खाली उतरत म्हणाला. "टाका मारून गॅस भरला, तर हा उन्हाळा निघेल. पुढची हमी मी देणार नाही. माझं विचाराल तर नवा घ्या."

"नवाच बसवा," थोरली म्हणाली.

"टाका मारा," बाबा म्हणाले.

मेकॅनिकने बापलेकीकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो फडक्याने पाना पुसत राहिला.

थोरली मालवाहतुकीच्या कचेरीत रोज चाळीस ट्रक कुठे धाडायचे ते ठरवायची. एसीचा निर्णय म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. चौदा वर्षांचं यंत्र. बाहेरचा डबा दळण चालू असल्यासारखा घरघरायचा, आतल्याखाली बादली ठेवावी लागायची. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"बाबा, नवा घेतला तर पुढची दहा वर्षं बघायला नको."

"दहा वर्षं मला काय करायचीत?" बाबा सहज म्हणाले. "हा उन्हाळा निघाला की झालं."

थोरलीची नजर बाबांच्या पट्ट्याकडे गेली.

गेले तीन महिने ती सगळं पाहत होती. बाबांच्या पट्ट्याला आणखी दोन भोकं पडली होती. पुस्तकांचं कपाट त्यांनी वाचनालयाला देऊन टाकलं, आई गेल्यापासून बंद असलेलं तिचं शिलाई मशीन न मागता धाकटीकडे पोचवलं. दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते इस्पितळात जायचे. विचारलं तर म्हणायचे, "जरा काम होतं." धाकटी फोनवर म्हणाली होती, "ताई, बाबा आवराआवर करतायत गं."

तिने मेकॅनिकला गॅलरीत नेलं.

"कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगा. दुरुस्त होण्यासारखा राहिला नाही म्हणा."

"कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, ताई. बत्तीस वर्षं झाली या धंद्यात, यंत्राबद्दल कधी खोटं बोललो नाही. तुम्हाला एवढी घाई कसली?"

तिने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "नवा लागला भिंतीला, तर त्यांना वाटेल की अजून बरीच वर्षं काढायचीत."

मेकॅनिकने पिशवीतून टाका मारायची नळी काढली. "असं आहे तर त्यांच्याशीच बोला. मला इथे तासभर तरी लागेल."

थोरली आत आली. बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. निवृत्त झाले तरी पेन्सिल सुटली नव्हती, वर्तमानपत्रातल्या चुकांवरही खुणा करत बसायचे. आताही तेच चाललं होतं. तिने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. ड्रायव्हरांचा संप तिने एकटीने मिटवला होता, तेव्हाही तिचा आवाज कापला नव्हता. आजही तिने तो कापू दिला नाही.

"बाबा, मला सगळं कळलंय. जे असेल ते आपण निभावून नेऊ. मी रजा काढीन, धाकटी येईल. तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही दोघी हे कसं घ्याल, याचीच मला धास्ती होती," ते म्हणाले.

"आम्ही खंबीर आहोत." तिने त्यांचा हात हातात घेतला. "काल गेला होतात ना? आता काही लपवू नका. डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाल्या," बाबांनी तिची चूक सुधारली. "हो म्हणाल्या. उन्हाळा संपला की लग्न करायचं, आणि मग मी त्यांच्याकडेच राहायला जायचं."