भिंतीकडे तोंड

“जेवला की आपणहून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, बघा शिस्त!” निवृत्त मुख्याध्यापिका देवस्थळीबाई आपल्या कुत्र्याच्या पिल्लाचं, खंड्याचं, कौतुक सोसायटीत सगळ्यांना ऐकवायच्या. ना भुंकणं, ना उड्या. छत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंना हाच विद्यार्थी आदर्श वाटायचा.

एकदा त्याला आकडीचा झटका आला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “बाई, ही शिस्त नाही, आजार आहे. जन्मतःच एक जादा रक्तवाहिनी आहे. रक्त यकृतात गाळलं न जाताच पुढे जातं आणि जेवणानंतर त्यातलं विष मेंदूत चढतं, म्हणून तो असा भिंतीशी उभा राहतो. ऑपरेशन करून त्या वाहिनीभोवती आवळत जाणारी कडी घालू, म्हणजे वाहिनी हळूहळू बंद होईल.”

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ दवाखान्यात बाईच भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

दोन महिन्यांनी एका सकाळी दारातल्या चपलेचा पार चोथा झालेला दिसला. शेजारी खंड्या शेपटी हलवत बेरडासारखा बसला होता.

“आता करा याला भिंतीकडे तोंड करून उभं!” समोरच्या घरातले पिंगे हसले.

“त्याची शिक्षा भोगून झालीय,” बाई म्हणाल्या आणि दुसरी चप्पलही त्यांनी खंड्यापुढे सरकवली.