मऊ मैदान

शाळेचं घोडेस्वारीचं मैदान बारा वर्षं वेड्या बाभळींनी गिळलं होतं. घोडदळातून निवृत्त झालेल्या सखाहरीतात्यांनी उन्हाळाभर खपून बाभळी मुळासकट काढल्या, जमीन हातभर खणली, नदीची वाळू मिसळली आणि गुडघ्यांवर बसून एकेक काटा वेचला. पोरं पहिल्यांदा घोड्यावर बसणार त्या सकाळी तात्या येऊन पाहतात तर मैदानात रोडरोलर उभा! सगळी माती दाबून फरशीसारखी टणक केलेली. हेडमास्तर हसत पुढं आले. “तात्या, पाहुणे येणार म्हणून कालच फिरवून घेतला. कसं क्रिकेटच्या पिचसारखं झालंय!” “व्हय, पन घोडं काय बॉलिंग टाकनार हाय?” तात्यांनी चिडून कुदळ हाणली, ती ठणकन परत उडाली. “अहो, चांगलं दिसतंय की! बिघडलं काय?” “सर, नवशिकं पोर दिसातनं चारदा घोड्यावरनं पडतं. आज त्येच्या आधी तुमी एकदा इथं पडून दाखवा.”